‘सवय होते’ ह्या उपदेशाचा समाचार

घर बदलणाऱ्या माणसास उपदेश करणें हा आमच्या मध्यम वर्गाचा फार जुना छंद आहे. लग्न आणि घर ह्या दोन बाबतींत ज्याला कांहींच कळत नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत अद्याप जन्मास यावयाचा आहे! गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुराहून मुंबईस बदलून आला. नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलांत. पत्नी शिकलेली व नोकरी करूं इच्छिणारी. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. आणि बरोबर वृद्ध आई. घर कोठें घ्यावें हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला, तो नेमका अशा संध्याकाळीं कीं, तीन प्रौढ स्नेही माझ्याकडे चहास जमले होते. प्रश्न ऐकतांच त्यांनीं एकमुखानें निकाल दिला: बदलापुरास जा, नाहीं तर विरारच्या पलीकडे जा, त्याच पैशांत दुप्पट जागा मिळेल, हवा चांगली, संकुलांत पोहण्याचा तलाव, मुलांना बाग. ‘आणि रोजचा प्रवास?’ असें त्यानें भीतभीत विचारलें. ‘त्याचें काय एवढें! सवय होते.’

ह्या दोन शब्दांसाठींच हा लेखनप्रपंच.

उपदेश करणारे कोण, हें प्रथम पाहणें उद्बोधक होईल. त्या संध्याकाळच्या पंचांपैकीं एक गृहस्थ वडिलांनीं दादरला घेतलेल्या घरांत जन्मले, वाढले आणि सेवानिवृत्त झाले. त्यांची कचेरी घरापासून पायीं पंधरा मिनिटांवर होती. दुसऱ्यांनीं आयुष्यभर घरींच शिकवण्या केल्या. तिसऱ्यांनीं दूरचें घर घेतलें आहे खरें, पण तें भाड्यानें देऊन ते स्वतः पार्ल्यास राहतात. ज्यानें कधीं पाण्यांत पाय घातला नाहीं त्यानें तीरावरून ‘फार खोल नाहीं, उतरा’ म्हणून सांगावें, तसा हा प्रकार! ह्या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला त्या खोलींत मी एकटाच होतों, आणि मी गप्प बसलों. ती चूक येथें दुरुस्त करीत आहें.

सन 2001 मध्यें मी कोल्हापूर सोडून दादरजवळच्या एका महाविद्यालयांत अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून रुजू झालों. मलाही हाच उपदेश मिळाला आणि मीं तो शिरसावंद्य मानला. बदलापुरास तीन खोल्यांचें हवेशीर घर घेतलें. जाहिरातींत ‘स्टेशनापासून दहा मिनिटें’ असें छापलें होतें. हीं दहा मिनिटें माणसाच्या पायांचीं, रिक्षाचीं कीं वायुपुत्र मारुतीचीं, ह्याचा खुलासा नव्हता. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून बदलापूर 68 किलोमीटर आहे. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत मला दोन तास लागत, आणि परततांना तेवढेच. पांच वर्षें मीं हा हेलपाटा घातला. इतरांना उत्पादनखर्चाचे सिद्धांत शिकविणाऱ्या ह्या अध्यापकानें स्वतःचा हिशेब मात्र तें घर सोडल्यावर मांडला! वर्षाचे 220 दिवस धरले, तरी तो आंकडा 4,400 तासांचा होतो. अहोरात्र मोजल्यास सहा महिने. म्हणजे सबंध सहा महिने माझा मुक्काम प्रवासांत होता, आणि तोही बहुतांशीं उभ्यानें. मासिक पास इतका स्वस्त कीं अंतराला जणू किंमतच नाहीं असें वाटे. ज्या वस्तूचें मोल पैशांत द्यावें लागत नाहीं ती फुकट आहे असें समजणें, ही चूक आम्ही परीक्षेंत विद्यार्थ्यांची पकडतों.

बदलापुराची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. गांव भलें, माणसें त्याहून भलीं. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोहमार्ग बुडाले, आणि तिकडे उल्हास नदी फुगून आमच्या भागांत पाणी शिरलें. मीं दोन रात्री महाविद्यालयाच्या बांकावर काढल्या. माझ्या पत्नीला व मुलीला वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनीं आपल्या घरीं नेलें, जेवूं घातलें, कोरडे कपडे दिले. तसे शेजारी मला पुढें मिळालेले नाहींत. अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणाऱ्यास बदलापुराहून चांगली जागा कोणती? दोष होता तो तें गांव आणि माझें काम ह्यांच्या मधल्या अंतराचा, आणि तें अंतर क्षुल्लक मानणाऱ्या माझ्या बुद्धीचा.

माझी मुलगी त्या वेळीं सहा-सात वर्षांची होती. मी सकाळीं निघें तेव्हां ती निजलेली, रात्रीं येईं तेव्हां पुन्हां निजलेली. तिनें एक युक्ति काढली. कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक कागद डकवून त्यावर ‘रविवारीं बाबांना विचारायचें’ असा मथळा घातला, आणि आठवडाभर त्याखालीं प्रश्न लिहूं लागली. चंद्र गाडीबरोबर कां धांवतो. सात आणि आठ मिळून नेहमीं पंधराच कां होतात. आजी कोल्हापुरालाच कां राहते. रविवारीं दुपारीं आम्ही दोघें तो कागद घेऊन बसत असूं. असें वर्षभर चाललें. मग एका रविवारीं कागद कोरा निघाला. पुढच्या रविवारींही कोरा. मीं कारण विचारलें तेव्हां ती अगदीं सहज म्हणाली, ‘कांहीं नव्हतें विचारायचें, बाबा.’ तिला सवय झाली होती.

सवय होते हें म्हणणें खोटें नाहीं. त्यांतली भयंकर गोष्ट ती हीच. बाप नसण्याची मुलांना सवय होते. एकटीनें सारें निभावण्याची पत्नीला सवय होते. ज्याला व्हावी म्हणून हा सारा धीर देतात, त्या प्रवाशाला मात्र ती होत नाहीं. ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर ह्या दोन स्वित्झर्लंडवासी अर्थशास्त्रज्ञांनीं जर्मन कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून 2008 मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. आमच्या शास्त्राचें गृहीतक असें कीं, दूरच्या प्रवासाचा त्रास पत्करणारा मनुष्य त्याचा मोबदला अधिक पगाराच्या किंवा चांगल्या घराच्या रूपानें वसूल करतो, म्हणून त्याचें समाधान इतरांहून कमी असण्याचें कारण नाहीं. ह्या दोघांना आढळलें तें उलटें: प्रवास जितका लांब तितकें समाधान कमी, आणि ती तूट भरून निघत नाहीं. मला ह्याचें आश्चर्य वाटलें नाहीं. तिसऱ्या खोलीची नवलाई दिवाळीपर्यंत टिकते. सकाळच्या गाडीची गर्दी रोज नवी असते. आज पाय दाराशीं अडकला, उद्यां छत्री हरवली, परवां गाडीच आली नाहीं. जें रोज वेगळ्या तऱ्हेनें छळतें त्याची सवय व्हावी कशी? जून 2025 मध्यें मुंब्र्याजवळ एकमेकींच्या शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसें खालीं पडलीं आणि त्यांतलीं कांहीं मेलीं. तींही सवयीचींच प्रवासी होतीं.

तेव्हां वस्ती निवडावी कशी? अमेरिकेंत क्लॅरेन्स पेरी नांवाच्या गृहस्थानें 1929 मध्यें न्यूयॉर्कच्या नगररचनेच्या निमित्तानें एक साधी कल्पना मांडली. वस्तीचा मध्य म्हणजे प्राथमिक शाळा. वस्तीची सीमा म्हणजे मोठे रस्ते. आणि वस्तीचा आकार एवढाच कीं, कोणत्याही घरांतलें मूल मोठा रस्ता न ओलांडतां शाळेंत चालत जावें. ह्या विचारासाठीं अमेरिकेपर्यंत जावयास हवें असेंही नाहीं. पॅट्रिक गेडिस हा नगररचनेचा आचार्य 1919 पासून मुंबई विद्यापीठांतच समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. आणि त्याच्याही आधीं, 1896 च्या प्लेगनें शहाणपण शिकविल्यावर 1898 मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधारणा मंडळानें दादर-माटुंग्याची आंखणी हातीं घेतली होती. हिंदु कॉलनी, पांच बागा हा सारा भाग त्या आंखणींतला. शंभर वर्षांनंतरही तेथल्या पदपथांवरून झाडांच्या सावलींतून मुलें शाळेंत चालत जातात, आणि त्या भागाचे भाव ऐकून आम्ही डोळे पांढरे करतों. एके काळीं आम्हांस वस्ती आंखतां येत होती, एवढाच ह्याचा अर्थ.

माझी कसोटी पेरीहूनही साधी आहे. नऊ वर्षांचें मूल कोणाचें बोट न धरतां कोठें कोठें जाऊं शकतें, तें पाहावें. शाळा, मैदान, वाण्याचें दुकान, वाचनालय, एखाद्या मित्राचें घर, आणि ताप आल्यास डॉक्टर. ह्यांपैकीं चार ठिकाणीं तें जाऊं शकत असेल तर ती वस्ती कुटुंबाला योग्य. मग खोल्या दोन असोत. एकाही ठिकाणीं जाऊं शकत नसेल तर ती वस्ती नव्हे, ती सामान ठेवण्याची वखार. हल्लींच्या बहुमजली संकुलांचा सारा थाट फाटकाच्या आंत असतो. फाटकाबाहेर सहा पदरी रस्ता, पदपथाचा पत्ता नाहीं, शाळा बसनें पाऊण तासावर. अशा ठिकाणीं मुलाची प्रत्येक हालचाल मोठ्या माणसाच्या सवडीवर अवलंबून. आणि ती सवड तर बापानें आगगाडींत खर्च केलेली! पोहण्याच्या तलावाचें मला वावडें नाहीं. परंतु त्या तलावांत मुलाला कोण घेऊन जातें हें कधीं तरी मोजून पाहावें. बहुधा पहारेकऱ्याला पाणी हलतांना दिसतें तें वाऱ्यानें.

ह्या हिशेबांत आणखी एक व्यक्ति नेहमीं गाळली जाते. घर ठरवितांना ‘कचेरी किती दूर’ असा प्रश्न निघतो, तो पतीच्या कचेरीचा. पत्नीला नोकरी मिळेल तेव्हां पाहूं, असें म्हणतात; आणि मग मिळालेली नोकरी दीड तासावर निघाली, मुलांना शाळेंतून आणणारें कोणी नाहीं, सासूबाईंना गुडघ्यांमुळें जिना उतरवत नाहीं, म्हणून ती सोडावी लागते. ती सोडते; जागेनें सोडविली असें कोणी म्हणत नाहीं. स्वस्त घराच्या किंमतींत हा बुडालेला पगार मिळवून पाहा, म्हणजे घर किती स्वस्त होतें तें कळेल. माझ्या पत्नीनें बदलापुरास पांच वर्षें नोकरी केली नाहीं. ती गणिताची पदवीधर आहे. तिनें हा हिशेब माझ्याआधीं मांडला होता, फक्त मला दाखविला नव्हता.

कोणी म्हणतील, हे सारे चोचले ऐपतदारांचे. सामान्य माणसाला निवड कोठली? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचें टोंक माझ्याकडे वळविण्याचें कारण नाहीं. गिरणगांवांतला कामगार ऐपतदार नव्हता. दहा बाय बाराच्या खोलींत त्याचें कुटुंब आणि वर दोन गांवकरी राहत. त्या दाटीचे गोडवे गाण्याचा करंटेपणा मी करणार नाहीं. पण भोंगा झाल्यावर निघून तो पायीं गिरणींत पोंचत असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर मनोरे उठले, आणि ज्या गिरणी कामगारांना घरें लागलीं त्यांतल्या कित्येकांना तीं पनवेलजवळच्या कोन गांवीं लागलीं. शहर माणसाला दूर ढकलतें आणि मग आम्ही त्याला सांगतों, सवय होईल! नवी मुंबईचा मूळ विचार ह्याच्या अगदीं उलट होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनीं खाडीपलीकडे दुसरें शहर वसविण्याची कल्पना 1964-65 मध्यें मांडली, ती काम आणि घर शेजारीं असावें म्हणून. 1970 मध्यें सिडको स्थापन झाली. परंतु राज्याचें मंत्रालय होतें तेथेंच राहिलें, नरीमन पॉइंटला समुद्रांत भर घालून आणखी कचेऱ्या उठल्या, आणि 1992 मध्यें वाशीस आगगाडी पोंचली ती मुख्यतः लोकांना जुन्या मुंबईंत कामाला नेण्यासाठीं. आतां जानेवारी 2024 पासून समुद्रावरून अटल सेतूही झाला आहे. पूल वाईट असें मी म्हणत नाहीं. पण प्रत्येक पुलाच्या उद्‌घाटनाबरोबर ‘आणखी दूर राहा’ हें निमंत्रण छापलेलें असतें, आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतल्या घरांच्या जाहिराती तें मोठ्या अक्षरांत वाचून दाखवितात.

मीं स्वतः 2006 मध्यें बदलापूरचें घर विकून ठाण्यास नौपाड्यांत दोन खोल्या भाड्यानें घेतल्या. नातेवाइकांनीं त्यास अधोगति म्हटलें. स्वतःचें घर मोडून भाड्याच्या घरांत जाणें हें आमच्याकडे दिवाळें निघण्याच्या खालोखाल समजतात. परंतु मी संध्याकाळीं सहाच्या सुमारास घरीं येऊं लागलों, पत्नीला चालत जाण्याजोग्या शाळेंत नोकरी मिळाली, आणि मुलगी 1893 सालीं स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत एकटी जाऊं लागली. तो कागद मात्र पुन्हां भरला नाहीं. त्याचें वय निघून गेलें होतें.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास दुसऱ्या दिवशीं दूरध्वनीवरून सांगितलें, आणि एवढेंच सुचविलें कीं, विकत घेण्याची घाई करूं नको. आधीं अकरा महिन्यांचा भाड्याचा करार कर. सोमवारीं सकाळीं सव्वाआठला, भर पावसांत, घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत जाऊन घड्याळ पाहा. दलालाबरोबर रविवारीं मोटारींतून जाऊं नको. मुलाचा हात सोडून त्याला पुढें चालूं दे आणि तूं मागून ये. आईला घेऊन भाजीबाजारापर्यंत जा.

त्यानें मुलुंडास रेल्वेच्या पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. मुलगा शाळेंत चालत जातो, सून नोकरीच्या शोधांत आहे. म्हातारी मात्र माझ्यावर रागावली आहे. तिच्या माहेरचें शिसवी कपाट जिन्याच्या वळणावरून वर जाईना, तें अद्याप खालीं वाहनतळांत उभें आहे.