साक्षीदार फुटला की सत्य कुठं जातं?

परवा वाकोल्याच्या नाल्याकाठी आमच्या खोलीत बैठक झाली. विषय निघाला खर्ड्याचा. कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं, "नितीन तर मेला. मग कोर्ट म्हणतं कुणीच मारलं नाही, हे कसं काय?"

सगळे गप्प. त्या गप्प बसण्यावर हे लिहितोय.

दोस्तांनो, कोर्ट 'कुणीच मारलं नाही' असं म्हणत नाही. कोर्ट म्हणतं, 'ह्यांनी मारलं हे माझ्यापुढं शाबीत झालं नाही.' ह्या दोन वाक्यांच्या फटीत आपली माणसं गाडली जातात.

२८ एप्रिल २०१४. नगर जिल्हा, जामखेड तालुका, खर्डा. सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारून झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सेशन कोर्टातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. ज्या गावात पाणी भरायचं, ज्याच्या रानात राबायचं, त्याच गावाविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं. साक्षीदार एकटा, गाव सगळं.

आपल्या कोर्टाची रीत इंग्रजांनी घालून दिलेली. दोन बाजू भांडतात, जज्ज पंचासारखा वर बसतो. पुढं आलं तेवढंच सत्य. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपासच एका न्यायाधीशाकडं असतो. आरोपीच्या विरुद्धचा आणि बाजूचा, दोन्ही पुरावा त्यानं धुंडायचा. जर्मनीत तर सत्यासाठी लागेल तो पुरावा कोर्टानंच आपणहून तपासायचा, असा कायदा आहे.

मग ती रीत इकडं आणा म्हणाल? थांबा. खणणारा हात कुणाच्या घरातला, हा सवाल उरतोच. अमेरिकेत खरंखोटं ज्युरी ठरवते, म्हणजे साधी माणसं. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराच्या खुनाचा खटला चालला. ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष. तासाभरात निकाल : निर्दोष. पुढच्याच वर्षी त्या दोन आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटले ते सुटले. रीत बदलली तरी जात आणि वर्ण कोर्टाच्या आत येऊन बसतातच.

आणि आपल्या जज्जाचे हात कुणी बांधलेत? हवा तो प्रश्न विचारायचा अधिकार त्याला १८७२ च्या पुरावा कायद्यानं दिला. १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला, त्यातही तो आहे. बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फुटले, सगळे सुटले. २००४ साली सुप्रीम कोर्टानं बजावलं, न्यायाधीशानं बघ्यासारखं बसू नये. खटला मुंबईत पुन्हा चालला. २००६ साली नऊ जण दोषी ठरले, त्यातल्या चौघांची जन्मठेप हायकोर्टानं २०१२ मध्ये कायम ठेवली. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं!

बाबासाहेबांनी महाडला काय केलं ते आठवा. सवर्ण कोर्टात गेले, म्हणाले, तळं आमचं, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. बरं, मग शाबीत करा! दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं, वहिवाट शाबीत झाली नाही. 'पूर्वापार' ह्या शब्दाचा कोर्टात पुरावा मागितला आणि तो फुसका निघाला.

तेव्हा मोर्चा काढा, पण मोर्चाआधी वस्तीत जा. पहिल्या दिवशी एफआयआरची नक्कल घ्या. पंचनामा कुणी लिहिला, पंच कोण, बघा. साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर लवकर नोंदवायला लावा, मग तो फिरवणं जड जातं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनं साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, पोटाचा खर्च मागायचा हक्क दिलाय. तो मागितला का? निकालाच्या दिवशी आपण शंभरजण कोर्टाबाहेर असतो. साक्षीच्या दिवशी किती असतो?

साक्षीदार भ्याड नसतो. आपण त्याला एकटा सोडतो.

जयभीम!