साडेतीन मिलिमीटरचा फूट



‘फावल्या वेळात’ या सदरात या वेळी जरा धातूचं काम. हातात कानस, टेबलावर पितळेचा पत्रा आणि डोळ्यांसमोर एक जुनं इंजिन.

रेल्वेची छोटी मॉडेल्स जमवणारे लोक जगभर आहेत. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि लहानपणी सहलीत ते पाहिलेले तुमच्यापैकी बरेच असतील. जर्मन, अमेरिकन, ब्रिटिश इंजिनांची सुबक मॉडेल्स आज घरबसल्या मागवता येतात. मिरज-बेळगाव-लोंढा मार्गावर धावलेलं मीटरगेजचं वाफेचं इंजिन मात्र असं खोक्यातून सहजासहजी येत नाही. ते हवं असेल तर बरंचसं स्वतःच घडवावं लागतं.

हा मार्ग मूळचा सदर्न मराठा रेल्वेचा. ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली. पुढे १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेबरोबर एक झाली, १९५१ मध्ये मार्ग दक्षिण रेल्वेत गेला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत आणि २००३ पासून हुबळीच्या नैर्ऋत्य रेल्वेत. पाट्या बदलत राहिल्या, रुळांमधलं अंतर मात्र १९९० च्या दशकापर्यंत एक मीटरच होतं. मग ब्रॉडगेज आलं. माझ्या वयाच्या लोकांनी मीटरगेजचे शेवटचे दिवस जेमतेम पाहिले. वाफेचं इंजिन आम्हाला घरच्या मोठ्यांच्या गप्पांमधूनच माहीत. तुमच्यातल्या पंचविशीच्या मुलामुलींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मीटरगेजवर दोन इंजिनं देशभर दिसायची. प्रवासी गाड्यांना ‘वायपी’ आणि मालगाड्यांना ‘वायजी’. शेवटचं वायजी १९७२ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलं. मी करायला घेतलंय ते वायपी.

आधी मापाचं बोलू. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप ‘एच-ओ’, म्हणजे १:८७. याचा सोपा हिशोब असा की खऱ्या इंजिनाचा एक फूट म्हणजे मॉडेलचे साडेतीन मिलिमीटर. मीटरगेजचे रूळ या मापात साडेअकरा मिलिमीटरवर येतात. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, ते चालवून घ्यायचे. चाकं, मोटर, गिअर विकत आणता येतात. अडतं ते बारीक भागांपाशी. चिमणी, वाफेचा घुमट, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरच्या कडेचा कठडा, पुढचा मोठा दिवा. परदेशी किटमधले भाग इथे बसत नाहीत. साधी गोष्ट घ्या. ब्रिटिश इंजिनाला पुढे दोन बाजूंना दोन बफर असतात. आपल्या मीटरगेजला तसे नव्हते, मधोमध एकच कपलर होता. म्हणजे इंजिनाचा चेहराच वेगळा. हे बारीक भाग चुकले की मॉडेल कुठलं तरी इंजिन होतं, आपलं राहत नाही.

नकाशा हातात नसेल तर माप कुठून आणायचं? इथे आमच्या धंद्यातली सवय कामी येते. इंजिनाचा अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या. वायपीचं मोठं चाक ५४ इंची, म्हणजे १३७२ मिलिमीटर. फोटोत त्या चाकाचा व्यास २८० पिक्सेल भरला, तर एक पिक्सेल म्हणजे खऱ्या इंजिनाचे ४.९ मिलिमीटर. झाली पट्टी तयार! फक्त एक पथ्य पाळायचं. ही पट्टी चाकाच्या पातळीतल्या वस्तूंनाच चालते. चिमणी आणि घुमट बॉयलरच्या मधोमध, कॅमेऱ्यापासून जरा लांब असतात, त्यामुळे फोटोत ते किंचित लहान दिसतात. त्यांचं माप समोरून काढलेल्या फोटोशी ताडून बघायचं.

आता पितळच का? तांबं आणि जस्ताचा हा मिश्रधातू कापायला मऊ, वाकवायला सोसणारा आणि सोल्डर पटकन धरणारा आहे. लेथवर तासायच्या पितळी सळीत थोडं शिसंही घातलेलं असतं, म्हणून कीस सुटसुटीत पडतो. (या कामानंतर हात साबणाने धुवायचे, आणि घरात लहान मुलं असतील तर कीस लगेच झाडून घ्यायचा.)

गोल भाग लेथवर होतात, आणि लेथच्या बाबतीत बेळगावकरांनी कुणाकडे बघायची गरज नाही. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मी चिमणीचं ड्रॉइंग घेऊन गेलो. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हे काय रे, जॉब कुठं आहे?”

“हाच जॉब, मामा. उंची सात मिलिमीटर.”

“चकात धरला तर दिसायचा नाही की रे हा!”

पण केला. आधी लांब सळीच्या टोकाला आकार द्यायचा आणि तुकडा अगदी शेवटी छाटायचा, म्हणजे चकात धरायला भरपूर सळी उरते. ही युक्ती त्यांचीच.

खरी कसोटी त्यानंतरची. चिमणीचा तळ सपाट असून चालत नाही, तो गोल बॉयलरवर घोड्याच्या खोगिरासारखा बसायला हवा. घरच्या घरी यावर उपाय आहे. बॉयलरच्याच व्यासाची नळी घ्यायची, तिच्यावर पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि चिमणीचा तळ तिच्यावर सरळ रेषेत मागेपुढे घासत राहायचं. वेळ लागतो, पण शेवटी फट राहत नाही. मग तळाची कड बारीक कानशीने पातळ करत न्यायची, म्हणजे चिमणी बॉयलरमधूनच उगवल्यासारखी वाटते.

पत्र्याच्या भागांसाठी एक छान युक्ती आहे. केबिनच्या डाव्या आणि उजव्या बाजू तंतोतंत सारख्या हव्यात. त्यासाठी पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडेला सोल्डरने चिकटवायचे. खिडकी एकदाच कापायची, कडा एकदाच घासायच्या. मग गरम करून दोन्ही सुटे करायचे. रिव्हेटसाठी पातळ पत्र्याच्या मागच्या बाजूला ग्राफ पेपर चिकटवायचा, खाली पुठ्ठा ठेवायचा आणि ठरावीक अंतरावर बोथट सुईने हलका ठोका द्यायचा. समोरून पाव मिलिमीटरचा उठाव येतो. पुण्याच्या तांबट आळीत घागरीवर ठोके देऊन मठारकाम करतात, त्याचंच हे धाकटं भावंडं म्हणा.

सोल्डरिंगला आपल्याकडे जुना शब्द आहे, डाख. निपाणीहून हुपरी काही लांब नाही. चांदीच्या पैंजणांचं हे गाव. तिथे एका कारागिरांच्या शेजारी बसून मी तासभर नुसतं बघत होतो. मोहरीएवढे दाणे आणि केसासारखी तार ते जोडत होते. मी विचारलं, “काका, डाख हवा तिथंच कसा जातो?” मान वर न करता ते म्हणाले, “डाख उबेकडं पळतोय. जिथं न्यायचाय तिथं ऊब द्या, आपोआप जातोय.”

त्यांचा चांदीचा डाख ६०० अंशांच्या वर वितळतो. तेवढ्या उष्णतेने पितळेची बारीक तार मऊ पडून लुळी होईल, म्हणून मॉडेलवर कथील-शिशाचं साधं सोल्डर वापरतात. ते १८८ अंशांच्या आसपास वितळतं. नियम मात्र दोन्हीकडे एकच. सोल्डर लोखंडी टोकावर वितळवून ओतायचं नाही, जोड गरम करायचा, सोल्डर स्वतः आत शिरतं. आणि जागा स्वच्छ हवी. पितळ तापलं की वर काळपट थर चढतो, त्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून आधी फ्लक्स लावायचं. आपल्या आजीला हे पाठ होतं. दारावर आलेला कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवलं की भांडं चकचकीत! नवसागर म्हणजे फ्लक्सच. एवढंच की अशा क्षारांचा अंश मॉडेलवर राहिला तर काही दिवसांत हिरवा गंज येतो, म्हणून काम संपल्यावर गरम पाण्याने आणि ब्रशने सगळं धुऊन काढायचं.

एक अडचण उरते. चिमणी जोडली, आता शेजारी घुमट जोडायचा, तर चिमणी सुटणार नाही का? इथे क्रम महत्त्वाचा. वेगवेगळ्या तापमानाला वितळणारी सोल्डर मिळतात. पहिले जोड १८८ अंशांचे, त्यानंतरचे १४५ चे आणि अगदी नाजूक जोड ७० अंशांचे. जास्त उष्णतेचं काम आधी, कमी उष्णतेचं नंतर. म्हणजे नवा जोड देताना जुना हलत नाही.

आणि सगळं काही १:८७ मध्ये उतरवता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. बॉयलरच्या कडेचा कठडा सव्वा इंची नळीचा धरला तर मॉडेलवर ०.३७ मिलिमीटर होतो. ०.४ ची तार मिळते, काम भागतं. पण केबिनचा ६ मिलिमीटरचा पत्रा ०.०७ वर येतो. तो हातात धरताच चुरगळेल. मग पाव मिलिमीटरचा घ्यायचा आणि जिथे कड दिसते, म्हणजे खिडकीपाशी, तेवढीच घासून पातळ करायची. कुठे माप पाळायचं आणि कुठे डोळ्यावर विश्वास ठेवायचा, हे कॉम्प्युटर ठरवून देत नाही.

कुणी विचारेल, थ्री-डी प्रिंटर असताना हा खटाटोप कशाला? प्रिंटर चांगलाच आहे, मीही वापरतो. पण ०.४ मिलिमीटरचा प्लास्टिकचा कठडा पहिल्या धक्क्याला तुटतो, पितळेचा वाकतो आणि बोटाने सरळ होतो. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या छोट्या छोट्या कारखान्यांनी अमेरिकेतल्या शौकिनांसाठी पितळी इंजिनं घडवली. पुढे हे काम कोरियाकडे गेलं. त्यांच्याकडे जे होतं, म्हणजे लहान लेथ, चांगले डोळे आणि धीर, ते सगळं आपल्या भागात आहे. उद्यमबागेत आहे, हुपरीत आहे. पण ते हात आता साठीकडे झुकलेत आणि त्यांची मुलं, आमच्यासारखीच, बंगळूर-पुण्याला कीबोर्डवर बसलीत. यात कुणाची चूक नाही. पण शेजारी बसून बघायला फी लागत नाही, आणि ही माणसं विचारलं की मनापासून सांगतात.

तीच गोष्ट इंजिनाच्या आठवणींची. दिव्याचा आकार, केबिनवर रंगवलेला नंबर, टेंडरच्या मागची शिडी, या गोष्टी पुस्तकात कमी आणि घरच्या अल्बममध्ये जास्त सापडतात. म्हणून एक विनंती. घाटप्रभा, चिकोडी रोड, खानापूर, बेळगाव, कुठल्याही स्टेशनवर काढलेला घरातला जुना फोटो असेल तर तो नीट बघा. पुढे नटूनथटून उभी असलेली मावशी असेल, मागे कोपऱ्यात इंजिनाचा तुकडा असेल. फोटो स्कॅन करून मंडळाकडे पाठवा, आणि आजी-आजोबांना विचारून साल आणि स्टेशन मागे लिहून ठेवा. ते सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होण्यासारखं आहे.

आणि ज्यांना हात शिवशिवतायत त्यांनी चिमणीपासून सुरुवात करू नये. ०.४ ची तार, बारीक पक्कड, एक कानस आणि साधी सोल्डरिंग आयर्न घ्या. पत्र्याच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची चार भोकं पाडा आणि एक सरळ कठडा बसवा. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. रविवारची एक दुपार पुरते.

कठडा सरळ झाला की फोटो जरूर पाठवा. भेटू पुढच्या अंकात!