अणुभट्टीची सुरक्षितता कोणाच्या खर्चाने?

सेलू तालुक्यातील शेतकऱ्याला ओलितासाठी दिवसा वीज हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. विजेची अशी गरज पुढे करूनच केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज उभारण्याचे लक्ष्य ठेवले. छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात २० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. या भट्ट्या मुळातच सुरक्षित असतील, असे सांगितले जाते. भट्टी बंद केली तरी गाभ्यातील उष्णता लगेच थांबत नाही. म्हणून वीज गेली तरी केवळ गुरुत्वाकर्षणाने व नैसर्गिक अभिसरणाने गाभा थंड राहावा, अशी ही रचना. कल्पना चांगली आहे. अणुशक्तीच्या विरोधकांनीही ती समजून घ्यावी.

रचनेतील उणीव काय करते, हे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे दिसले. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली व हायड्रोजनने पेट घेतला. नेहमीच्या व आणीबाणीच्या वीजपुरवठ्याच्या केबल पुरेशा अलग ठेवलेल्या नव्हत्या, दोन्ही जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्राला वीज नव्हती. कर्मचारी बॅटऱ्या घेऊन इमारतीच्या माथ्यावर चढले आणि झडपा हाताने उघडून त्यांनी बोरॉनचे द्रावण सोडले. केबलींच्या मध्ये अग्निरोधक आडोसा घालण्याचा खर्च तो कितीसा! आपल्या तारापूरलाही १९६९ च्या दोन संचांमधील सामाईक सुरक्षा यंत्रणा वेगळ्या करण्यास २००५-०६ साल उजाडले. आराखड्यात रेघ बदलणे स्वस्त असते. उभे काँक्रीट फोडणे नव्हे.

घातपाताचेही तेच. कुडनकुलमच्या प्रशासकीय संगणकात २०१९ मध्ये घुसखोरी झाली. नियंत्रण यंत्रणा अलग होती म्हणून निभावले. ही अलगता मागाहून चिकटवता येत नाही.

पण आराखड्याच्या वेळी हा खर्च करणार कोण? ज्याला अपघाताचा भुर्दंड पडणार, तोच. भोपाळची जखम ताजी ठेवून संसदेने २०१० च्या कायद्यात कलम १७(ब) घातले होते. सदोष यंत्र पुरविणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क त्याने केंद्रचालकाला दिला होता. डिसेंबर २०२५ च्या ‘शांती’ कायद्याने ते कलम गेले. आता करारात लिहिले असेल, तरच पुरवठादार सापडणार. शिवाय सर्वांत लहान भट्टीच्या चालकाची जबाबदारी १०० कोटींवर थांबते. त्यापुढे सरकार, म्हणजे करदाता. त्यात सेलूचा शेतकरीही आला. नफा खाजगी आणि धोका सार्वजनिक, हा जुनाच हिशेब! याच कायद्याने अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

या नव्या छोट्या भट्ट्यांपैकी पहिल्या तारापूरलाच उभारण्याची योजना आहे. तेथे काँक्रीट ओतण्यापूर्वी आराखड्याचा सुरक्षा-तपासणी अहवाल मंडळाने मराठीत प्रसिद्ध करावा, त्यावर पालघरच्या मच्छीमारांची व आदिवासींची जाहीर सुनावणी घ्यावी आणि पुरवठादाराची जबाबदारी कायद्यात परत आणावी. पालघरमधील कार्यकर्त्यांनी ही मागणी आताच, आराखडे टेबलावर असतानाच, लावून धरावी.