चोर सोडून खलाशाला सुळी

नांगर टाकून जागच्या जागी उभ्या असलेल्या जहाजाचा गुन्हा काय असू शकतो? 7 डिसेंबर 2007 रोजी दक्षिण कोरियात देसान बंदराबाहेर 'हेबेई स्पिरिट' हे अजस्र तेलवाहू जहाज असेच उभे होते. खवळलेल्या समुद्रातून क्रेन लादलेला एक बार्ज ओढून नेला जात होता. ओढणारा वायर तुटला, सुटलेला बार्ज जहाजावर पुनःपुन्हा आदळला, टाक्या फुटल्या आणि सुमारे 10,900 टन कच्चे तेल समुद्रात गेले. ज्यांनी ठोकले त्यांना शिक्षा झाली, हे योग्यच. पण ज्याला ठोकले त्या जहाजाचे भारतीय कप्तान जसप्रीत चावला आणि चीफ ऑफिसर श्याम चेतन यांनाही खालच्या न्यायालयाने निर्दोष ठरवल्यावर वरच्या न्यायालयाने तुरुंगात डांबले. दोघे मायदेशी परतले ते जून 2009 मध्ये, दीड वर्षाने. याला न्याय म्हणत नाहीत. किनाऱ्यावरच्या लोकांचा राग शमवण्यासाठी हाताशी सापडलेला परदेशी खलाशी बळी देणे, असे याचे नाव आहे.

या दोघांसाठी आवाज उठवणाऱ्यांत 'इंटरटँको' ही स्वतंत्र टँकर मालकांची आंतरराष्ट्रीय संघटना होती. तेल कंपन्या आणि सरकारे वगळून जे टँकर चालवतात, त्यांची ही 1970 सालची संघटना. मालकांची संघटना म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. पण हिचा हिशेब मांडायचा तर नीट मांडावा. 1967 मध्ये 'टॉरी कॅन्यन' इंग्लंडच्या टोकाशी खडकावर फुटले, 1978 मध्ये 'अमोको कादिझ'ने फ्रान्सचा ब्रिटनी किनारा काळा केला, 1989 मध्ये 'एक्झॉन व्हाल्डेझ'ने अलास्का नासवला. 1970च्या दशकात 700 टनांहून मोठ्या तेलगळती वर्षाला सरासरी 24हून अधिक होत. 2010च्या दशकात त्या वर्षाला दोनही उरल्या नाहीत. दुहेरी कवचाचे अमेरिकेचे 1990चे बंधन मालकांनी कुरकुरतच स्वीकारले, हे खरे, पण स्वीकारले. जहाजाला नामांकित वर्गीकरण संस्थेचा क्लास, म्हणजे सुस्थितीचा दाखला हवा, भक्कम विमा हवा, तेल कंपनीचा निरीक्षक पंपरूमपासून नकाशाच्या टेबलापर्यंत सारे तपासणार, ही शिस्त त्यातूनच रुजली.

आणि या शिस्तीचे बक्षीस काय? 2005 मध्ये युरोपीय संघाने गंभीर निष्काळजीपणातून झालेले प्रदूषणही फौजदारी गुन्हा ठरवणारा आदेश काढला. वादळात घेतलेला कप्तानाचा निर्णय चार वर्षांनी वातानुकूलित दालनात बसून निष्काळजीपणा ठरवायला कितीसा वेळ लागतो? इंटरटँकोने आणि इतर संघटनांनी लढा दिला. 3 जून 2008 रोजी युरोपच्या न्यायालयाने सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारांवरून या आदेशाची वैधता तपासायलाच नकार दिला. खलाशी हरला.

आता त्याच युरोपच्या दारातून काय चालले आहे ते पाहा. डिसेंबर 2022 मध्ये रशियन तेलावर पिंपाला 60 डॉलरची मर्यादा आली आणि ती चुकवून ते तेल वाहण्यासाठी अलंगच्या भंगारात जायच्या वयाची जहाजे एकाएकी सोन्याच्या भावाने विकली गेली. विकणाऱ्यांत पाश्चात्त्य मालक होते, ग्रीक मालक आघाडीवर होते. घेणारा कोण, याची विचारपूस करायची गरज कोणाला वाटली नाही. आज अशी शेकडो जहाजे गॅबन, कोमोरोस यांसारख्या देशांचे झेंडे लावून, कधी तर अस्तित्वातच नसलेल्या नोंदणीचे कागद दाखवून, आपला ठावठिकाणा सांगणारे यंत्र बंद करून, भर समुद्रात एकमेकांच्या पोटात तेल ओतत फिरत आहेत. 1 मे 2023 रोजी गॅबनचा झेंडा लावलेले 1997चे 'पाब्लो' मलेशियाजवळ फुटले. पोलादी डेक सार्डिनच्या डब्याच्या झाकणासारखा उलटला, तीन खलाशी बेपत्ता झाले. टाक्या रिकाम्या होत्या म्हणून मलेशियाचा किनारा वाचला. जबाबदार मालक पुढे आलाच नाही.

हे सारे कुठे तरी दूर चालले आहे, असे मुंबईकराने समजू नये. 2022-23 मध्ये पन्नासहून अधिक टँकर बाळगणारी एक कंपनी अचानक उगवली. तिचा पत्ता होता भांडुपच्या एका मॉलमधला. इतका पैसा कोणाचा, हे जगभरचे पत्रकार विचारत राहिले. उत्तर मिळाले नाही. देशातील जहाजांवर आणि खलाशांच्या भरतीवर देखरेख ठेवणारे नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे. भांडुप त्याच्या पुढचे स्टेशन!

जुहूच्या लोकांनी तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. 31 जुलै 2011 रोजी खलाशांनी सोडून दिलेला 'पवित' नावाचा टँकर ओमानकडून भरकटत येऊन चौपाटीच्या वाळूत रुतला. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, कोणालाही त्याची चाहूल लागली नव्हती. तो छोटा होता. त्याच्या जागी लाखभर टन कच्चे तेल घेऊन आलेले, विम्याचा पत्ता नसलेले एखादे म्हातारे जहाज असते, तर वर्सोव्याच्या कोळणीने नुकसानभरपाई कोणाच्या दारात जाऊन मागितली असती?

या बेनामी जहाजांवर चढतो कोण? आमचीच पोरे. रत्नागिरी, उरण, केरळ, बिहारमधून आलेली, एजंटाच्या हाती काही लाख ठेवून आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, छातीशी धरून निघालेली. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार 2024 मध्ये 312 जहाजांवर 3,133 खलाशांना मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यांत सर्वाधिक, 899, भारतीय होते. पगार नाही, पाणी नाही, परतीचे तिकीट नाही. कायद्याने चालणाऱ्या जहाजावरचा कप्तान एका थेंबासाठी तुरुंगात जाण्याच्या धास्तीत, आणि कायदा धाब्यावर बसवणाऱ्या मालकाचे नावही कोणाला ठाऊक नाही!

इंटरटँकोला आमचे स्पष्ट सांगणे आहे. सभासदांपुरती शिस्त पुरे झाली. या बेनामी जहाजांच्या काळ्या ताफ्याविरुद्ध पत्रके काढताना, त्या ताफ्याला जहाजे विकणाऱ्यांत आपले सभासद होते की नाही, हे जाहीर करा. असतील तर हाकला. नसतील तर तसे छातीठोकपणे सांगा. चोराला घर विकून वर चोरीविरुद्ध भाषण देणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

आणि दिल्लीच्या सरकारला त्याहून स्पष्ट. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल जेमतेम दोन टक्के होते, पुढे ते एकतृतीयांशावर गेले. स्वस्त तेल घेणे हा देशाचा अधिकार आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. पण स्वस्ताईची किंमत कोकणच्या किनाऱ्याने आणि खलाशाच्या पोराने का मोजावी? जहाजाच्या वयाची अट घालून भागत नाही. ज्याचा झेंडा खोटा, ज्याचा विमा संशयास्पद, ते जहाज भारताच्या कोणत्याही धक्क्याला लागता कामा नये. परवान्याविना भरती करणाऱ्या एजंटावर गुन्हा नोंदवून त्याला गजाआड करा. आणि परदेशात आमचा खलाशी पकडला गेला, तर वकील दुसऱ्या दिवशी पोहोचला पाहिजे, अठराव्या महिन्यात नव्हे.

कायद्याचा बडगा फक्त नाव, गाव आणि झेंडा सांगणाऱ्यांच्याच पाठीत बसणार असेल, तर उद्या नाव सांगायला कोणी उरणार नाही. कांजूरमार्ग ते भांडुप हे अंतर लोकलने तीन-चार मिनिटांचे आहे. सरकारने आधी तेवढे कापावे!