धमकी आली, तरी नेते माणसांत का जातात?

सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानच्या नाभिक कुटुंबातले कोतवाल पेशाने वकील. त्यांच्या आझाद दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडले होते. अशा कामाला लपणे भागच होते.

आमच्या मुरबाड-शहापूरची तरुण मुले विचारतात, कोतवाल भूमिगत झाले, मग जिवाच्या धमक्या आलेले इतर नेते उघड का फिरतात? हौस की हट्ट? काहींच्या बाबतीत तसेही असेल. पण माझ्या मते याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. मनोरे लपून पाडता येतात, माणसांच्या मनातली भीती लपून घालवता येत नाही.

जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीतले मुसलमान जीव मुठीत धरून राहत होते. त्यांना निर्धास्त राहता यावे, म्हणून गांधीजींनी उपोषण केले. २० जानेवारीला प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. तरी येणाऱ्यांची झडती घेऊ द्यायला ते तयार झाले नाहीत. शेजाऱ्यावर विश्वास ठेवा, असे सांगणारा माणूस समोरच्या प्रत्येकाकडे संशयाने कसा पाहील? ३० तारखेला त्याच सभेकडे जाताना त्यांची हत्या झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना मारण्यात आले. रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने ते उघडपणे लिहीत होते. धमक्या आल्या म्हणून लेखणी खाली ठेवली असती, तर ‘सगळे मुसलमान रझाकारांबरोबर आहेत’ हा खोटा दावाच खरा ठरला असता.

कॉम्रेड गोविंद पानसरे दाभोलकरांच्या खुनानंतरही व्याख्याने देत राहिले. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्यानंतर कोल्हापूरकरांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला. मला ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते. एकट्याच्या अंगावरचा धोका तिथे अनेकांनी वाटून घेतला.

म्हणून मित्रांनो, हौतात्म्याचे नुसते गोडवे गाऊ नका. जिवाला धोका असलेल्याला संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे. ते मागण्यात भित्रेपणा नाही आणि नेता शूर आहे म्हणून सरकारची जबाबदारीही सुटत नाही. आपलेही काम आहेच. वस्तीत कुणी खरे बोलला आणि त्याला धमकी आली, तर व्हॉट्सअॅपवर ‘सलाम’ लिहून थांबू नका. तक्रार नोंदवायला त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. त्याच्या पुढच्या सभेत पहिल्या रांगेत बसा. सभा संपल्यावर त्याला घरापर्यंत सोडून या.