ईदची लाल तारीख कोणासाठी?

परवा तरावीहची नमाज आटोपून मशिदीच्या पायऱ्या उतरत होतो. खाली चपला शोधणारा एक तरुण थांबला. शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये तो काम करतो, तिथे चाळीसेक माणसं आहेत. म्हणाला, “चाचा, ईद कॅलेंडरवर लाल असते ना? सरकारी सुट्टी असते ना? मग मागच्या ईदचा माझा एक दिवसाचा पगार का कापला?”

त्याचा हा प्रश्न रमजानमध्ये दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. आणि तो फक्त मुसलमानांचा नाही. नाताळला, बुद्धपौर्णिमेला, महावीर जयंतीला खासगी नोकरीतला माणूस हाच प्रश्न विचारत असतो. म्हणून या पानावर आज इफ्तारच्या पदार्थांऐवजी सुट्टीचा हिशोब मांडतो आहे.

कॅलेंडरवरच्या लाल तारखा येतात राज्य सरकारच्या अधिसूचनेतून. सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी ही यादी काढतो. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद हे चारही दिवस तिच्यात असतात. पण ही यादी निघते कोणत्या कायद्याखाली, हे पाहिलं की गंमत वाटते. तो कायदा म्हणजे 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम. चेक बाऊन्स झाला की ज्याच्या 138 व्या कलमाखाली खटला भरतात, तोच. त्याच्या 25 व्या कलमात एवढंच म्हटलं आहे की हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी संपली असं धरावं. इंग्रजांच्या काळातल्या पेढ्यांची आणि सावकारांची ती सोय होती. सरकारी कचेऱ्या आणि बँका या यादीप्रमाणे बंद राहतात. पण कापडाचं दुकान, कारखाना किंवा कॉल सेंटर त्या दिवशी बंद ठेवा, असं हा कायदा कोणालाही सांगत नाही. तेव्हा ‘सरकारी सुट्टी होती’ एवढ्यावर खासगी मालकाशी भांडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी 2022 मध्ये दादरा नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कोणाचा मूलभूत हक्क नाही.

म्हणजे खासगी नोकरदाराला काहीच नाही? तसंही नाही. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135-ब कलमाने खासगी आस्थापनांतल्या मतदारालाही दिली आहे. सणांसाठी मात्र महाराष्ट्रातल्या दुकानं, हॉटेलं, कार्यालयं यांना लागू असलेला 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा पाहावा लागतो. त्याच्या 18 व्या कलमात कामगाराला वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या दिल्या आहेत. चार ठरलेल्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्याशिवाय वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, ती वेगळी. म्हणजे त्या तरुणाची अशी रजा शिल्लक असेल आणि त्याने ईदसाठी आधी अर्ज दिला असेल, तर पगार का कापला हे विचारायचा त्याला पुरता अधिकार आहे. त्याने अर्ज दिलाच नव्हता. “लाल तारीख आहे, अर्ज कशाला?” असं त्याला वाटलं. आपल्यातल्या बहुतेकांना असंच वाटतं.

पण मला खरी गोष्ट वाटते ती त्या चार सुट्ट्यांची. कायद्याने इथे एक शहाणपणाचं काम केलं आहे. सण कोणते, ते सांगितलेलं नाही. गावोगावचे, समाजासमाजाचे सण वेगळे असतात, म्हणून ठरवण्याचं काम मालक आणि कामगार दोघांवर सोडलं. प्रत्यक्षात काय होतं? डिसेंबरात कोणी बसत नाही. मॅनेजर मागच्या वर्षीची यादी काढतो, तारखा बदलतो, सही करतो आणि फळ्यावर लावतो. यात कोणाचा द्वेष असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही आणि कोणी मागतही नाही, एवढंच असतं. चारही सुट्ट्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या, अशी अट मला त्या कलमात दिसत नाही. तीन सगळ्यांच्या आणि चौथी ज्याची त्याने निवडायची, असं ठरवलं तर दुकान एकही दिवस जास्त बंद राहत नाही. उलट ईदच्या दिवशी दुसरे सगळे हजर असतात आणि दिवाळीच्या पाडव्याला काउंटर सांभाळायला माणूस मिळतो.

ईदची एक अडचण मात्र आहे, ती मान्य केली पाहिजे. वर्षाआधी तारीख सांगता येत नाही. चंद्र 29 व्या रोजाला दिसतो की 30 व्याला, त्यावर सगळं अवलंबून. छापील तारीख एक आणि ईद दुसऱ्या दिवशी, असं आपण अनेकदा पाहिलं आहे. त्यामुळे यादीत तारीख न लिहिता ‘रमजान ईद, चंद्रदर्शनाप्रमाणे’ असं लिहून घ्यावं. तारीख सरकारलाही हलवता येते. 2023 साली 28 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आल्या. विसर्जनाच्या मिरवणुकीला अडचण नको म्हणून मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने 29 तारखेला सुट्टी जाहीर केली. खासगी नोकरीतल्या पोरांनी मात्र जुलूससाठी मालकाला विचारूनच सुट्टी घेतली, कारण ती अधिसूचनाही त्यांच्यासाठी नव्हतीच.

आता आपल्या घरातलं. हा कायदा लहान दुकानांपर्यंत पोहोचत नाही. 1948 च्या जुन्या कायद्याच्या कक्षेत छोटं दुकानही होतं. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळं केलं. आपल्या बाजारपेठेतली किती दुकानं त्यात गेली, ते बाजारातून एक चक्कर मारून बघा. यंत्रमागावरच्या माणसाला तर कापडाच्या मीटरवर मजुरी. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तो आराम आहे, पण त्या दिवसाचा पैसा नाही. त्याची ईदही तशीच, बिनपगारी. या सगळ्यांना कायदा नाही, फक्त मालकाचं मन आहे.

आणि मालक नेहमी दुसराच असतो असं कुठे आहे? बेकरी, मटणाचं हॉटेल, गॅरेज, कपड्यांची दुकानं आपलीही आहेत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपला बाजार पहाटेपर्यंत चालतो. चाँदरातीला काउंटरवर उभा असलेला पोरगा रात्री तीनला शटर ओढतो आणि सकाळी ईदगाहच्या शेवटच्या सफीत डुलक्या घेतो. त्या जादा तासांचे पैसे त्याला मिळतात का? ईदी म्हणून हातावर ठेवलेली नोट ही मजुरी नव्हे. आषाढी एकादशीला गावी जायला दोन दिवस मागणाऱ्या आपल्या बेकरीतल्या कामगाराला आपण काय उत्तर देतो? मी स्वतः एका ओळखीच्या मालकाला म्हणताना ऐकलं आहे, “वारीला गेलास तर परत येऊ नकोस.” हाच मालक आपल्या मुलाला ईदला सुट्टी दिली नाही म्हणून त्याच्या कंपनीला आठवडाभर नावं ठेवत होता.

मशिदीबाहेरच्या त्या तरुणाला मी शोरूममधल्या फळ्यावरच्या यादीचा फोटो पाठवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहेरीच्या वेळी तो आला. धुळवड, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन. यादी ठरवताना त्याला विचारलं नव्हतं, आणि त्याच्या शेजारच्या काउंटरवर 14 एप्रिलला स्वतःच्या खर्चाने सुट्टी घेणाऱ्या त्याच्या मित्रालाही नव्हतं. गेली तीन वर्षं ईदला तो मित्र याचं काउंटर बघतो आणि आंबेडकर जयंतीला हा त्याचं. या खेपेला ईदच्या नैमित्तिक रजेचा अर्ज त्याने लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. पुढच्या वर्षीच्या यादीसाठी दोघं मिळून मॅनेजरकडे गेले होते. मॅनेजर म्हणाला, “ईद होऊ द्या, मग बसू.”