‘तेल तरंगते’ हे अर्धसत्य

जबलपूरच्या गढा भागातील देवतालाचे पाणी गोडे, मुंबई बंदराचे खारे. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १००० किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. फरक अवघा अडीच टक्क्यांचा. परंतु सांडलेले जड तेल वर राहणार की तळाशी जाणार, याचा निकाल कधी कधी एवढ्याशा फरकावर लागतो. तरीही ‘तेल पाण्यावर तरंगते’ हे शालेय वाक्य निसर्गनियमासारखे मिरवले जाते.

कॅनडातील तेलवाळूतून निघणारे बिटुमेन जवळजवळ पाण्याइतके जड आणि डांबरासारखे घट्ट असते. ते वाहिनीतून वाहावे म्हणून त्यात हलके हायड्रोकार्बन मिसळतात. हे मिश्रण सांडले की आधी तरंगते. मग हलका अंश उडून जातो, उरलेल्या चिकट भागाला गाळाचे कण बिलगतात आणि तो बुडू लागतो. म्हणजे ‘हे तेल तरंगते’ ही ग्वाही पहिल्या टप्प्यापुरतीच खरी. पुढचे न सांगणे ही दिशाभूल आहे.

२५ जुलै २०१० रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात एनब्रिज कंपनीची वाहिनी फुटली. ती बंद व्हायला सतरा तास लागले. सुमारे ३२ लाख लिटर तेल बाहेर पडले आणि कालामाझू नदीत पोहोचले. नदीच्या तळाचा तेलकट गाळ उपसण्याचे काम २०१४ पर्यंत चालले. त्या घटनेनंतर तेराच दिवसांनी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. तेथील इंधनतेल लाटांवरून खारफुटीत शिरले. ते डोळ्यांना दिसले, म्हणून स्मरणात राहिले.

भारताची तेलगळती आपत्ती योजना १९९६ पासून तटरक्षक दलाकडे आहे; तिचा भर समुद्रावर. कच्चे तेल मात्र किनाऱ्यावर थांबत नाही. गुजरातमधील वाडिनारहून ९३५ किलोमीटरची वाहिनी ते मध्य प्रदेशातील बीनापर्यंत आणते. कॅनडाच्या जड तेलाची खरेदीही भारतीय कंपन्यांनी केली आहे. अशा वेळी वाहिनीत नेमके कोणते तेल आहे, हे बचावपथकाला पहिल्याच तासात कळलेच पाहिजे. नदीकाठच्या पथकांना तळाचा गाळ तपासण्याचे प्रशिक्षण आणि साधनेही हवीत. केवळ तरंगते अडसर मांडून बुडालेले तेल अडत नाही. पृष्ठभाग स्वच्छ दिसला म्हणून नदी स्वच्छ झाली असे मानणे, हे विज्ञान नव्हे.